आले नाहीत त्यांचं काय झालं

सोम. ५ फेब्रु.
संपलं एकदाचं. जुनं रजिस्टर सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. तीन आठवडे गेले, डोळे चुरचुरतायत. गेल्या दहा वर्षांत मूत्राशयाच्या कॅन्सरचे जेवढे पेशंट आमच्या विभागात आले, सरांनी ज्यांची गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली, ते सगळे आता पडद्यावर एकाखाली एक.

सरांनी खुर्ची ओढली, यादी वरखाली केली. "अलकाताई, निम्मे कुठायत?"
म्हटलं, निम्मे पुन्हा तपासणीला आलेच नाहीत.
"ते दिसतंय मला. बरे झाले म्हणून आले नाहीत, की गेले म्हणून आले नाहीत?"
मी जुनं रजिस्टर उघडलं. तिथेही पुढचा रकाना कोराच.
"हे कळत नाही तोवर आपला अभ्यास म्हणजे रद्दी. पुढच्या पेशंटला मी सांगू काय?"

बरोबरच आहे. लघवीतल्या पेशी काचेवर घेऊन रंगवायच्या, हे माझं काम. पेशी कशी दिसली ते मी झोपेतही सांगेन. पुढे त्या माणसाचं काय झालं, ते कधी कोणी विचारलंच नव्हतं.

४१ नंबरपाशी थांबले. हिंजवडीचे दत्तूतात्या. वाईट जातीच्या पेशी. गाठ परत उगवू नये म्हणून मूत्राशयात सोडतात त्या औषधाचे सहापैकी चार डोस घेतले आणि गायब. तीन वर्षं झाली. लॅबच्या दाराशी बसून सगळ्यांना हसवायचे. पाचव्या डोसला आले नाहीत तेव्हा पत्र टाकते म्हणाले होते मी. टाकलं नाही. का नाही टाकलं, आठवतही नाही. संध्याकाळभर तेच डोक्यात.

गुरु. ८ फेब्रु.
ठरलं. जे आले नाहीत त्या सगळ्यांना जोडकार्डं. एका कार्डावर आमचे प्रश्न, दुसरं उत्तराला. हयात आहात का (हे जरा बऱ्या शब्दांत), लघवीतून रक्त जातं का, दुसरीकडे उपचार घेतले का.

सरांची एक अट. उत्तरं ते स्वतः वाचणार, पण कोणाच्या पेशी वाईट होत्या आणि कोणाच्या सौम्य, हे त्यांना वाचताना कळता कामा नये. "कळलं की मन आधीच कलतं." पण मला तर कळायला हवं, नाहीतर नंतर जुळवायचं कसं? म्हटलं, सोडा माझ्यावर.

लॅबमध्ये आम्ही काय करतो? ट्रेमधला कागद उलटसुलट होऊ नये म्हणून त्याचा एक कोपरा कापतो. झालं तर मग! वाईट पेशीवाल्यांच्या जोडकार्डाचा कोपरा कात्रीने टक् करून उडवला. दोन्ही कार्डांचा एकदम. उत्तर परत आलं की नुसतं बघूनच मला कळेल, सरांना नाही. सौम्यवाल्यांची कार्डं अख्खी. दुपारी सगळी पेटीत टाकली. स्वतःवर बेहद्द खूश. येताना चिंतामणी रंगाची नवी साडी घेतली.

सोम. १२ फेब्रु.
उत्तर एकही नाही. नेहमीच्या पेशंटांपैकी एक काका आज सँपल गुलकंदाच्या बरणीतून घेऊन आले. वर अभिमानाने, "पहाटेची पहिली आहे हो." किती वेळा सांगायचं! रात्रभर साठलेली नको, त्यात पेशी सुजून फुटून जातात. दुसऱ्या वेळची हवी, ताजी. पण पहाटेची पहिली म्हणजे शुद्ध, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की काही बोलायची सोय नाही. आणि बरणीला गुलकंदाचा वास होता तो होताच.

बुध. १४ फेब्रु.
अगं बाई गं. काय करून बसले मी!

अकराच्या सुमाराला जोगळेकर आले. निवृत्त प्राध्यापक, आमच्याच नारायण पेठेतले. कोट, टोपी, हातात माझं कार्ड. काउंटरवर ठेवलं आणि अगदी शांतपणे:
"स्वतःच्या निधनाची बातमी घेऊन आलोय. सुतक मी किती दिवस पाळायचं, तेवढं सांगा."
मला काही कळेना. त्यांनी कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.
कोपरा कापलेलं कार्ड! माणूस गेल्याचं कार्ड! लहानपणापासून बघतेय मी. आजोळहून तसलं कार्ड आलं की आई ते उंबऱ्याच्या आत आणू द्यायची नाही, बाहेरच वाचून फाडायची. आणि मी? मी कात्री घेऊन बसले आणि ते नेमकं ज्यांच्या जिवाला घोर त्यांनाच पाठवलं.
"बायको दोन तास रडली," जोगळेकर म्हणाले. "मी समोर बसलेलो असताना."

पाया पडायचीच बाकी होते. सर आले, कार्ड बघितलं, आत गेले. दार लावून हसत होते, बाहेर ऐकू येत होतं.
जोगळेकरांची तब्येत मात्र ठणठणीत. सगळे डोस घेतले होते, मग मुलाकडे अमेरिकेत गेले, तपासण्या तिथेच झाल्या, नुकतेच परतलेत. कार्डावर सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. जाताना म्हणाले, "कळवल्याबद्दल आभार."

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्या अकलेचा कोपरा कोणी कापला?" दोन दिवस तरी हे पुरणार ह्यांना.

शनि. १७ फेब्रु.
फोन, फोन, फोन. एकाचा मुलगा थेट सरांवर तणतणला. एक बाई म्हणाल्या, "हॉस्पिटलला आमच्या आधी कसं कळलं?"
गंमत अशी की कोपरा कापलेल्यांची उत्तरं भराभर येतायत, कारण सगळे चिडलेत. सौम्यवाले निवांत. त्यांनी कार्ड टीव्हीवर ठेवून दिलं असणार. सर म्हणाले, "आता मला काही न सांगताच कळतं. ओरडत आला की वाईट पेशी." मग हसू आवरून, "अलकाताई, असं एकाच बाजूचं उत्तर चालणार नाही. बाकीच्यांकडे जावं लागेल. घरी."
चूक माझी, स्कूटी माझी. जाणार.

बुध. २१ फेब्रु.
चार घरं झाली. बिबवेवाडीचे एक गेलेत, दोन वर्षांपूर्वी, हार्टने. त्यांच्या बायकोने चहा पाजला, फोटो दाखवला, जाऊच देईना. बाहेर पडताना वाईट वाटलं मला, पण बरंही वाटलं. कोणीतरी त्यांचं विचारायला आलं म्हणून ती बाई इतकी बोलली.

कात्रजचे जगताप भेटले. पिठाची गिरणी. त्यांच्या गाठीने मूत्राशयाच्या स्नायूत मूळ धरलं होतं, म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलात मूत्राशयच काढलं. आतड्याच्या तुकड्यातून पोटाला वाट काढलीय, लघवी बाहेरच्या थैलीत जमते. शर्ट वर करून दाखवली! गिऱ्हाईकं उभी, त्यांचं आपलं चालू. "पाच वर्षं झाली, ताई. गिरणी मीच चालवतो. फक्त पीठ जाऊ नये म्हणून वर कापड बांधतो." एक किलो ज्वारीचं पीठ दिलं, नको म्हणत असताना.

तात्यांचं उत्तर नाही. फोन नंबर जुना, लागत नाही. कार्ड पोस्टातून परतही आलेलं नाही.

रवि. २५ फेब्रु.
हिंजवडी.

पत्ता तीन वर्षांपूर्वीचा: वडाच्या पारापासून डाव्या हाताला, उसाचं शेत. वड आहे. उसाच्या जागी काचेची पाच मजली इमारत, रविवारीसुद्धा कंपनीच्या बसेस उभ्या. वॉचमनला विचारलं, तो बिहारचा. शेवटी टपरीवाल्याने सांगितलं, "तात्यांचं व्हय? त्यो गुलाबी बंगला."
बंगला खरंच गुलाबी. दारात ट्रॅक्टर, शेजारी मोटार. सून बाहेर आली, शोभा नाव तिचं. मी म्हटलं, हॉस्पिटलातून आलेय, कार्ड पाठवलं होतं, मिळालं का?
"आलं हुतं की. कोपरा बघितला आन् दारातच फाडलं."
"वाचलं नाही?"
"वाचायचं कशाला? कुणीतरी गेलंच आसंल. समद्यांनी आंघोळी केल्या आन् फोनची वाट बघत बसलो. दोन दिस झालं तरी फोन न्हाय. मग म्हनलं, लांबचं कुणीतरी आसंल."
डोक्याला हात लावला मी. माझ्या कोपऱ्यापायी अख्ख्या घराने आंघोळी केल्या, आणि ज्याला बोलावलं होतं त्याला पत्ताच नाही.

तेवढ्यात तात्या आले. वाळलेत फार. पण तोंड तेच. "आरं बाई आली! लॅब सोडून हितं नोकरी लागली का काय?"
लघवी लाल होते का, विचारलं. आधी नाही म्हणाले. शोभाने मागून 'होते' अशी मान हलवली. मग म्हणाले, दिवाळीपासनं, मधूनच. उष्णता हाय. सब्जाचं पाणी पितोय.
सब्जा! असा राग आला मला. म्हटलं, तात्या, चार डोस घेऊन पळालात का?
सांगितलं त्यांनी. धाकट्या लेकीचं लग्न ठरत होतं. डोसच्या कागदावर क्षयाच्या लशीचं नाव. ते औषध खरंच क्षयाच्या लशीचंच असतं, मूत्राशयात सोडतात, म्हणजे तिथे शरीर खवळून उठतं आणि उरलेल्या वाईट पेशी मारून टाकतं. पण कागद कोणीतरी वाचला आणि गावभर झालं, तात्याला टीबी. पाहुणे काय म्हणतील म्हणून जायचं बंद केलं. लेकीचं लग्न झालं, नातू झाला.
मी बरंच बोलले. जास्तच बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाई, येक इचारू? मी यायचा थांबलो, तवा तुम्ही पत्र का न्हाय धाडलं?"
म्हटलं, चुकलं माझं, तात्या. राहून गेलं.
"मग फिट्टंफाट," म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

सँपल घेऊन आले. दुसऱ्या वेळचं, ताजं. जेवणाच्या डब्यात बर्फ घालून, स्कूटीच्या डिकीत. घरी ते बघून हे म्हणाले, "उद्यापासून मी बाहेर जेवतो."

सोम. २६ फेब्रु.
सकाळी पहिली स्लाइड त्यांचीच रंगवली. रिपोर्ट द्यायचा अधिकार माझा नाही, पॅथॉलॉजीच्या मॅडमचा. पण डोळे माझे आहेत. मोठाली काळीभोर केंद्रकं, वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली. आहेत. पुन्हा आहेत.
मॅडमनी दुपारी तेच लिहिलं.
काल पोचले नसते तर? आणि तीन वर्षांपूर्वी ते पत्र टाकलं असतं तर, हेही आलंच.

शुक्र. २ मार्च
आले तात्या! मला वाटत होतं येत नाहीत. मोटारीतून, मुलगा, सून, नातू, एक पुतण्या आणि पेरूची करंडी. सरांनी दुर्बीण घातली. दोन गाठी. पुढच्या मंगळवारी खरवडायच्या.

बिडी अजून चालू. म्हटलं, तात्या, आधी ती बंद. "बिडी छातीला, बाई. लघवीचा काय संबंध?" सांगितलं, धुराचं विष रक्तात जातं, मूत्रपिंड ते गाळून काढतं, आणि मग ते तासन् तास मूत्राशयात साठून बसतं. त्यांनी खिशातलं बंडल काढून पुतण्याच्या हातात दिलं. पुतण्याने ते आपल्या खिशात घातलं. त्यालाही झापलं.

मंगळ. ६ मार्च
झालं. सरांनी दोन्ही गाठी काढल्या, खालच्या थरासकट. आता प्रश्न एकच, मूळ कुठवर गेलंय. सरांनी मुलाला बंगल्याच्या भिंतीवरून समजावलं. गाठ नुसती रंगात आहे, गिलाव्यात आहे, की विटेला लागलीय? वीट म्हणजे मूत्राशयाचा स्नायू. विटेला लागली असेल तर मूत्राशय ठेवून चालणार नाही.
तात्या गुंगीतून बाहेर येता येता, "वीट चांगली वापरलीया मी, भट्टीची." सिस्टर हसत सुटल्या.

शुक्र. ९ मार्च
होळी. पुरणपोळ्या केल्या, दोन करपल्या. लक्ष रिपोर्टात. ह्यांनी करपलेल्याच खाल्ल्या, मुकाट्याने. बोलत नाहीत, पण कळतं ह्यांना.

मंगळ. १३ मार्च
रिपोर्ट आला. गिलाव्यात शिरलीय. विटेला लागलेली नाही.
जीव भांड्यात पडला म्हणावं तर अर्धाच. पेशी वाईट जातीच्या, गाठी दोन, पुन्हा उगवलेल्या. सर म्हणाले, दोन वाटा आहेत. मूत्राशय ठेवायचं, लशीचे डोस परत पहिल्यापासून, पूर्ण, आणि दर तीन महिन्यांनी दुर्बीण. यात परत येण्याची भीती, आणि पुढच्या वेळी विटेत शिरली तर उशीर. किंवा आत्ताच मूत्राशय काढायचं. ऑपरेशन मोठं, जन्मभर थैली, पण धोका कमी. "मी तुमच्या वतीने ठरवणार नाही. उद्या घरच्यांना घेऊन या."

बुध. १४ मार्च
तात्या आज हसले नाहीत. सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले.
"बाई, तुमच्या त्या यादीत माझ्यावाणी मानसं आसतील की. त्यांचं काय झालं?"
सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला सांगता आलं! महिन्यापूर्वी विचारलं असतं तर खाली मान घालून बसले असते. पडद्याकडे बघायचीही गरज पडली नाही, सगळ्यांची घरं डोळ्यांपुढे. सगळे डोस घेऊन मजेत असलेले, म्हणजे आमचे जोगळेकर. डोस घेऊनही परत उगवली ते धायरीचे. वेळ घालवला आणि गेले ते औंधचे, त्यांच्या मुलाने सांगितलेलं सगळं सांगितलं, गाळलं काही नाही. जगतापांचंही सांगितलं, की त्यांची विटेत शिरली होती, म्हणून काढणं भागच होतं.
शोभा पदराने डोळे पुसत होती. तात्या म्हणाले, "ती थैलीवाली गिरनी कुठंशी हाय?"

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "अलकाताई, पेपर छापून येवो न येवो. आज कामाला आला."

रवि. १८ मार्च
कात्रज. तात्या, मुलगा, मी. शिवाय जोगळेकर! मी फोनवर सहज बोलले तर म्हणाले, "डोसवाल्यांची बाजू मांडायला कोणी नको का?" कोट घालून आले.
जगतापांनी गिरणी बंद ठेवली होती. थैली कशी बदलायची, किती वेळ लागतो, गळते का, झोपताना काय, सगळं दाखवलं. तात्यांनी हात लावून बघितला. "पोरांच्या आईचं काय म्हननं?" जगतापांनी बायकोलाच हाक मारली. ती म्हणाली, "आधी रडले. आता भांडतो नेहमीसारखं."
मग जोगळेकरांनी डोसाची जळजळ तपशीलवार वर्णन केली, दोन तास लघवी धरून कुशीवर कुशी बदलत पडायचं, ते सगळं. "पण मूत्राशय माझं आहे. तीन महिन्यांनी दुर्बीण, तीन महिने भीती, पुन्हा दुर्बीण. सवय होते. भीतीची नाही, दुर्बिणीची."
तिघं हसत होते. रडावं की हसावं मला कळेना, मी जगतापांच्या बायकोबरोबर भाकऱ्या थापत बसले.
गाडीत तात्यांनी विचारलं, "तुम्ही माझ्या जागी आसता तर?" खूप विचार केला. म्हटलं, खरंच माहीत नाही, तात्या. त्यांनी मान डोलावली.

गुरु. २२ मार्च
हिंजवडीहून काही नाही. सरांनी मंगळवार २७ची वेळ धरून ठेवलीय, त्या दिवशी काय ते सांगायचं. मुलाला फोन केला. "पाडवा हाय सोमवारी, ताई. पाडव्याच्या तोंडावर दवाखान्याचं नगं म्हनत्यात समदी." मागच्या खेपेला लग्न होतं, आता पाडवा. मग कोणाची तरी जत्रा. जेवण गेलं नाही.

रवि. २५ मार्च
दुपारी फोन. तात्या स्वतः, मुलाच्या मोबाइलवरून, ओरडून बोलत होते.
"बाई, निम्मं घर म्हनतंय काढा, निम्मं म्हनतंय ठिवा. म्हातारी म्हनतीया, तुमचं तुम्ही ठरवा. माझं आजून ठरंना. पर उद्या गुढी उतरवतो आन् परवा सकाळी सातला तुमच्या दारात हजर. कपड्याची पिशवी भरूनच येतो. काय करायचं ते तितं बसून ठरवतो. काय बी ठरलं, तरी आता मी यायचा थांबत न्हाय."
फोन ठेवला आणि रडू फुटलं मला. हे स्वयंपाकघरातून धावत आले, हातात कांदा. काय झालं, काय झालं?
म्हटलं, काही नाही हो. येतायत.